गेटच्या बाहेरचं नाशिक

सोमवार

परळ-लालबागमध्ये वाढलेल्या माणसाला गिरणी गेल्यावर वस्तीचं काय होतं हे वेगळं सांगावं लागत नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातल्या कितीतरी जणांना पुन्हा आत जाता आलंच नाही. माझे वडील त्यांतलेच. पुढे त्या जागांवर टॉवर आले, मॉल आले. मुंबईच्या या गोष्टीवर पुष्कळ लिहिलं गेलं आणि ते लिहायलाच हवं होतं. पण मुंबईबाहेर कारखाने जातात तेव्हा एवढा गाजावाजा होत नाही. नाशिकचं तर आणखी अवघड आहे, कारण नाशिक बंद पडलेलं दिसतच नाही. उड्डाणपूल आहेत, २०२७ च्या सिंहस्थासाठी उकरलेले रस्ते आहेत, बारा-पंधरा मजली इमारती आहेत, चालू कारखानेही पुष्कळ आहेत. त्यामुळे जे गेलं ते विचारत विचारत शोधावं लागतं. त्यासाठीच आठवडाभराची रजा टाकून निघाले.

तपोवन एक्सप्रेसने सकाळी नाशिकरोडला उतरले आणि सिटीलिंकच्या बसने सातपूर गाठलं. मुक्काम सातपूर कॉलनीत, मावशीकडे.

नाशिकच्या कारखानदारीचे थर आहेत. सगळ्यात खालचा नाशिकरोडच्या नोटा आणि तिकिटांच्या छापखान्यांचा, १९२० च्या दशकातला. मग १९६४ च्या सुमारास ओझरला मिग विमानांसाठी आलेला एचएएलचा कारखाना. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि तिच्या सुरुवातीच्या वसाहतींमध्ये सातपूर होतं. मायको आली, जिला आता बॉश म्हणतात. नंतर महिंद्रा आली. आणि या दोघींना सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉप उभी राहिली. सातपूर पुरेना तेव्हा अंबड झालं. या सगळ्या कामगारांसाठी सिडकोने नवीन नाशिक वसवलं. तिथले लोक पत्ता सांगताना अजूनही ‘चौथी स्कीम’, ‘सहावी स्कीम’ असंच सांगतात.

काका सातपूरच्याच एका कंपनीत टूलरूमला, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या विभागात होते. नाव लिहीत नाही. गेट अजून आहे, आत आता कुरिअरवाल्यांचं गोदाम आहे. ती कंपनी बंद झाली असं कधी कोणी जाहीर केलंच नाही, हे काका दोनदा सांगतात. आधी ओव्हरटाइम थांबला. मग कँटीनचा ठेकेदार बदलला आणि ताट महाग झालं. मग कंपनीची बस बंद. सात तारखेचा पगार वीस तारखेवर गेला, नंतर दोन हप्त्यांत यायला लागला. एका रात्री दोन मशिनं ट्रेलरवर चढली. दुरुस्तीला चाललीत म्हणून सांगितलं, ती परत आली नाहीत.

हे असं सरपटत होण्यामागे कारण आहे. औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा त्याहून जास्त कामगार असलेला कारखाना बंद करायचा तर सरकारची परवानगी लागायची. ती मागायची म्हणजे हिशेब उघडे करायचे, कामगारांचं म्हणणं ऐकून घ्यायचं. त्यापेक्षा पगार थकवा, वीज तोडू द्या, मशिनं हलवा. माणसं कंटाळून स्वतःच राजीनामा देतील, ही वाट सोपी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि ती शंभरची मर्यादा तीनशेवर गेली. नाशिकच्या वसाहतींमध्ये तीनशेच्या आतले कारखाने किती असतील याचा अंदाज कुठल्याही गल्लीतून चालत गेलं तरी येतो.

काकांनी शेवटी व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घेतली. पैसे आले त्यातून पतपेढीचं कर्ज फिटलं, ताईचं लग्न झालं, उरलेले बँकेत ठेवले आणि घरखर्चात हळूहळू संपले. पेन्शन दोन हजारांच्या आतबाहेर. ज्या पगारावर ती मोजतात त्यालाच मर्यादा होती: आधी पाच हजार, मग साडेसहा हजार, २०१४ पासून पंधरा हजार. माणूस त्याआधी बाहेर पडला असेल तर त्याच्या प्रत्यक्ष पगाराला काही अर्थ राहत नाही.

संध्याकाळी मी विचारलं म्हणून त्यांनी पेटी काढली. हिरव्या रंगाची पत्र्याची पेटी, आत ऑइलने मऊ झालेलं फडकं. फडक्यात व्हर्नियर, डायल गेज आणि एक मायक्रोमीटर. मायक्रोमीटरची मूठ तीस वर्षांच्या अंगठ्याने गुळगुळीत झालेली, आकडे मात्र एकूण एक वाचता येतात. त्यांनी टोकं पुसली, अलगद मिटवली, कान जवळ नेऊन रॅचेटची टिकटिक ऐकली आणि शून्य जुळलंय का ते मला दाखवलं. जुळत होतं. खंडेनवमीला ही पेटी अजून पुजली जाते. मग वहीच्या कागदाची जाडी मोजून दाखवली, आणि माझ्या केसाची. “टूलरूममध्ये दहा मायक्रॉन चुकलं तर आख्खा लॉट भंगारात,” ते म्हणाले. असं काम येणारा माणूस बावन्नाव्या वर्षी घरी बसला. पुढची सहा वर्षं त्यांनी एका सोसायटीच्या गेटवर रखवालदारी केली.

मावशीने जे सांगितलं ते माझ्या डोक्यात जास्त राहिलं. “पगार लांबायला लागल्यावर सगळ्यात आधी वाण्याने वही मिटवली. त्याचं तरी काय चुकलं गं? सगळ्या लायनीची वही त्याच्याकडे, आणि सगळ्या लायनीचा पगार एकाच गेटमधून यायचा.” दोन वर्षांनी वाण्यानेही दुकान विकलं. कंपनीच्या कार्डावर महिनाभराचा किराणा, दिवाळीचे कपडे हप्त्याने, पतपेढीचा जामीन, पोरीला बरं स्थळ, एवढं सगळं उभं असतं. पगार हा त्यातला एक भाग.

मंगळवार

सकाळी काकांबरोबर सातपूरहून अंबडला. चालत, मग रिक्षा, पुन्हा चालत. मायको सर्कल, एबीबी सर्कल, गरवारे पॉइंट, एक्सलो पॉइंट. नाशिकचे निम्मे चौक कंपन्यांच्या नावांनी ओळखले जातात. कंपनीचं नाव बदललं, मालक बदलले, तरी रिक्षावाला जुन्याच नावाने सोडतो.

नाईसच्या, म्हणजे सातपूरच्या सहकारी औद्योगिक वसाहतीच्या गल्ल्यांमध्ये शेडच्या आत एकेक दोनदोन सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशिनं चालू होती. मालक स्वतःच ऑपरेटर, बायको हिशेब बघते, एक पोरगा हाताखाली. हे लोक मेहनती आहेत आणि नाशिकचा कणा तेच आहेत. पण त्यांचं सगळं गणित दोन-तीन मोठ्या कंपन्यांच्या ऑर्डरवर. २०१० मध्ये महिंद्राचा चाकणचा कारखाना सुरू झाला, तसं नवं काम तिकडे वळलं. ज्यांची ऐपत होती त्या पुरवठादारांनी चाकणला दुसरी शेड टाकली, बाकीचे इथेच राहिले. २०१९ ला वाहनउद्योगात मंदी आली तेव्हा मोठ्या कंपन्यांनी उत्पादनाला सुट्ट्या जाहीर केल्या. या शेडांना तशी सुट्टी परवडत नाही, बँकेचा हप्ता सुट्टी घेत नाही. त्यातून सावरतात तोच एप्रिल २०२० मध्ये बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे नियम आले, डिझेल इंजिनाचे सुटे भाग बदलले आणि जुन्या भागांवर बसवलेले फिक्श्चर, म्हणजे भाग पकडून ठेवायच्या चौकटी, भंगारात गेले. वर टाळेबंदी.

त्याआधीचा एक धक्का इथले जुने लोक हटकून सांगतात. २००३ मध्ये केंद्राने उत्तराखंड आणि हिमाचलसाठी करसवलती जाहीर केल्या. उत्पादन शुल्क दहा वर्षं माफ, आयकरात सूट. देशभरातल्या कंपन्यांनी हरिद्वार, रुद्रपूर, बद्दी इथे कारखाने टाकले. जो माल नाशिकला वाढायचा तो तिकडे वाढला. कोणी इथला कारखाना पाडला नाही, फक्त इथे पुढचा पैसा घातला नाही. दहा वर्षं नवं मशिन आलं नाही की कारखाना आपोआप म्हातारा होतो. त्या डोंगराळ राज्यांनाही रोजगार हवाच होता, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एका राज्यातली कायम नोकरी जाते आणि दुसऱ्या राज्यात तिच्या जागी कंत्राटी नोकरी येते, तेव्हा बेरजेत देशाला काय मिळालं हे कुणीतरी मांडायला हवं.

अंबडला एका चहाच्या टपरीवर पहिली पाळी सुटायची वेळ गाठली. बाहेर पडणाऱ्यांत तीन-चार रंगांचे शर्ट. काकांनी समजावलं: हा कायम कामगार, हे ठेकेदाराचे, हे ट्रेनी. कायमवाले मोजके आणि केस पिकलेले. त्यांच्याच लायनीवर, तेच काम करणारा पोरगा त्यांच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास पगार घेतो. वर्षात २४० दिवस भरले तर कायम होण्याचा हक्क आदर्श स्थायी आदेशांत आहे, म्हणून सहा-सात महिने झाले की ब्रेक. मध्यंतरी ‘नीम’ नावाची शिकाऊ योजना होती, २०१३ ची. तीन-तीन वर्षं पोरं ट्रेनी म्हणून उत्पादन काढत होती आणि विद्यावेतन घेत होती.

निफाडकडचा एक पोरगा बाकावर बसला होता, आयटीआय फिटर. ब्रेकवर होता. “कंपनी कोणती विचारतात, ते सांगतो मी. पण मुलीकडचे लगेच विचारतात, परमनंट आहे का?” तो म्हणाला. काका काही बोलले नाहीत, त्याच्या चहाचे पैसे देऊन टाकले.

कारखाना बंद पडला असं आपण गेटला कुलूप बघितल्यावर म्हणतो. इथे गेट उघडं आहे, भोंगा होतो, माल भरून ट्रक निघतात. तरी मावशीच्या वाण्याची ती वही या पोराच्या नावाने कुणी उघडणार नाही. मला हेच नाशिकमधलं खरं नुकसान वाटतं, आणि ते औद्योगिक उत्पादनाच्या कुठल्याही आकड्यात दिसत नाही.

बुधवार

एकलहरे. नाशिकरोडहून जवळच. लांबूनच औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात.

१४० मेगावॅटचे दोन संच १९७०-७१ चे, ते केव्हाच मोडीत निघाले. २१० मेगावॅटचे तीन संच १९७९ ते ८१ मधले, त्यांच्यावर केंद्र चालू आहे. ६६० मेगावॅटचा नवा संच येणार हे इथली माणसं कित्येक वर्षं ऐकताहेत. प्रत्येक निवडणुकीत तो येतो. कॉलनीतल्या अर्ध्या इमारतींच्या खिडक्यांना काचा नाहीत, गॅलऱ्यांतून पिंपळ उगवलेत. शाळेच्या मैदानावर दोन संघ क्रिकेट खेळत होते, त्यातली बरीच पोरं बाहेरच्या गावांतली.

गावकऱ्यांचं म्हणणं दुहेरी आहे आणि दोन्ही बाजू खऱ्या आहेत. जमीन गेली, राख वर्षानुवर्षं अंगणात आणि पिकावर पडली, दमा झाला. आणि याच केंद्रावर चार-पाच गावं जगली: राखेच्या गाड्या, विटांचे कारखाने, कॉलनीला दूध, भाजी, खाणावळी. एक आजोबा, ज्यांची स्वतःची जमीन प्रकल्पात गेलीये, मला म्हणाले, “प्रदूषण नको म्हणणारे बरोबर आहेत ताई. पण बंद करायच्या आधी आम्हाला बोलवा. सुरू करताना बोलावलं नव्हतं.” कोळशाची वीज कधीतरी थांबणार आहे, थांबायलाच हवी. त्या दिवसाची तयारी एकलहऱ्यात आजपासून करता येईल: रुळांचा फाटा आहे, पाणी आहे, वीजवाहिन्या आहेत, शिकलेली माणसं आहेत. एवढं सगळं एका जागी तयार असलेलं गाव विरळा.

परतताना पळसे. नाशिक सहकारी साखर कारखाना काही वर्षं बंद राहिला आणि नंतर भाडेतत्त्वावर सुरू झाला. निफाडचा कारखाना मात्र बंदच, त्याच्या जागेवर ड्रायपोर्ट, म्हणजे समुद्रापासून दूरचं मालाचं बंदर व्हायचं घाटतंय. उसाच्या गाड्या दिसल्या, बरं वाटलं.

गुरुवार

सिन्नर नाशिकपासून तीसेक किलोमीटर. पुणे रस्त्यावर गोंदेश्वराचं देऊळ बघायला लोक थांबतात. मी विड्या वळणाऱ्या बायांकडे गेले.

सिन्नर हे विडी उद्योगाचं जुनं ठाणं. माळेगाव आणि मुसळगावच्या औद्योगिक वसाहती येण्याच्या कितीतरी आधी इथलं प्रत्येक दुसरं घर विडीवर चालायचं. पुरुषाच्या शेतीला पाऊस नाही, अशा या अवर्षणाच्या तालुक्यात बाईच्या हातात रोख पैसा यायचा तो विडीतूनच.

एका गल्लीत तिघी ओट्यावर बसल्या होत्या. सगळ्यात थोरल्या आजींनी मला जवळ बसवून घेतलं. रात्रभर ओल्या गोणपाटात गुंडाळलेली तेंदूची पानं एका बाजूला. पानावर पत्र्याचा फर्मा ठेवायचा, कात्रीने त्या मापाचा तुकडा कापायचा, शिरा काढायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. चिमूटभर तंबाखू पानावर पसरली, दोन्ही अंगठ्यांनी पान वळलं, खालचं तोंड नखाने आत दुमडलं, दोऱ्याचे दोन वेढे, संपलं. मी घड्याळात बघेपर्यंत दुसरी विडी सुपाच्या कडेला लागली होती. आजींच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख वाढवून कडक केलेलं, ते हत्यारच. भाव हजाराचा. कारखान्यात विडी तपासतात, सैल किंवा आखूड असेल ती छाटतात आणि त्या छाटीचे पैसे मिळत नाहीत.

आता काम आठवड्यातून दोन-तीन दिवस मिळतं. तरुण पोरी या कामाला बसत नाहीत. सिगारेट आहे, गुटखा आहे, पाकिटावर मोठं चित्र आहे, आणि २०१७ मध्ये विडीवर २८ टक्के जीएसटी लागला. तंबाखूचा धंदा आटतोय याचं मला दुःख नाही. या बायांची छाती तंबाखूच्या धुळीने भरलीये, मधल्या ताई बोलता बोलता चार वेळा खोकल्या. विडी संपावी. पण ती कशी संपवली ते बघा.

विडी कामगारांसाठी १९६६ चा कायदा झाला, १९७६ मध्ये कल्याण निधीचा कायदा झाला. विडीवर छोटा उपकर लागायचा आणि त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरकुलाला मदत. घरी बसून काम करणाऱ्या बाईला सरकारने कामगार म्हणून ओळखपत्र दिलं, हे आपल्या देशात फार थोड्या धंद्यांत घडलं. जीएसटी आला आणि तो उपकर रद्द झाला. विडीवरचा कर वाढला, त्या करातला बाईसाठी राखून ठेवलेला वाटा मात्र गेला. आजींनी कार्ड आणून दाखवलं. प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाबरोबर. त्यावर त्यांचा तरुणपणीचा फोटो, अंगठा नाही, सही. “या कार्डावर मोठीला शाळेचे पैसे मिळाले, ती नर्स झाली. धाकटीच्या वेळी ऑफिसात म्हणे, आता योजना बदलली.”

दुपारी गुळवंचच्या बाजूला. माळावर औष्णिक वीजप्रकल्प उभा आहे, २७० मेगावॅटचे पाच संच. सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, त्यावर हा उभा राहिला, आणि कोळसा व वीजखरेदीचा करार या दोन्हींवाचून वर्षानुवर्षं थंड पडून राहिला. आजूबाजूच्या शेतांत कांदा लागलेला. रस्त्यालगतच्या हॉटेलवाल्याने बांधकाम चालू असताना कर्ज काढून वरचा मजला चढवला होता, कामगारांना खोल्या देता येतील म्हणून. त्या खोल्यांत आता कांद्याच्या गोण्या आहेत. कारखाना जाण्याचं दुःख तरी लोक एकमेकांना सांगू शकतात. न आलेल्या कारखान्याने बुडालेला हा माणूस तेही कुणाला सांगू शकत नाही.

शुक्रवार

शुक्रवारी मालेगावचे माग बंद असतात, म्हणून आधी रावळगाव. एसटीने चांदवड, राहुड घाट, मालेगाव. तिथून सटाण्याच्या बाजूला वळलं की रावळगाव.

वालचंद हिराचंद यांनी इथे खडकाळ जमीन घेऊन ऊस पिकवला, १९३३ मध्ये साखर कारखाना काढला, १९४२ मध्ये गोळ्यांचा. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक, टुटीफ्रुटी. महाराष्ट्रात असं घर नसेल जिथे पाहुण्यांच्या खिशातून रावळगाव निघालं नाही. आपण ‘एक रावळगाव दे’ म्हणायचो, आणि ते एका गावाचं नाव आहे हे कितीतरी जणांना माहीतही नसायचं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये या गोळ्यांची नावं, चिन्हं आणि पाककृती २७ कोटी रुपयांना रिलायन्सच्या कंपनीने घेतल्या. जमीन, इमारती, यंत्रं या व्यवहारात नव्हती. कंपनीने दिलेली कारणं सरळ होती: संघटित आणि असंघटित दोन्हीकडून स्पर्धा, कच्चा माल, इंधन आणि मजुरी महाग, आणि भाव वाढवता येत नाही. गोळी आठ आण्याची, रुपयाची. साखर दुप्पट झाली म्हणून सव्वा रुपयाची गोळी विकता येत नाही, कारण चार आण्याचं नाणंच २०११ मध्ये बंद झालं. गोळी लहान करत जायची किंवा तोटा सोसायचा, एवढंच हातात.

गावात एका वाड्याच्या ओट्यावर पॅकिंगला काम केलेल्या एक बाई भेटल्या. अहिराणीत बोलत होत्या, माझ्यासाठी मधेमधे मराठी. त्यांच्या तरुणपणी गाव भोंग्यावर चालायचं, दवाखाना होता, शाळा होती, कामावरच्या बाया घोळक्याने जायच्या म्हणून सासरे-दीर अडवायचे नाहीत. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं. घराबाहेर पडायला मिळालेलं ते निमित्त होतं. “आते काय ऱ्हायनं,” म्हणाल्या, आणि नातवाला दुकानातून गोळी आणायला पाठवलं. पोराने आणलेली गोळी दुसऱ्याच कंपनीची होती.

पाककृती कुठेही जाऊन शिजते. २७ कोटींच्या त्या कागदात या बाईंच्या हाताच्या सवयीला रकाना नव्हता, असू शकतही नव्हता. कायद्याने कोणी काही चुकीचं केलं नाही, आणि तरी गावाच्या नावाची किंमत ठरली तेव्हा गाव खोलीत नव्हतं.

शनिवार

मालेगाव. मोसम नदीचा पूल ओलांडून पूर्व भागात शिरलं की आवाज सुरू होतो. इस्लामपुऱ्याच्या गल्लीत दोन माणसांना एकमेकांशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं.

१८५७ नंतर उत्तर प्रदेशातून पांगलेले विणकर इथे आले, हातमागावर साड्या विणू लागले, पुढे यंत्रमाग आले. मुंबईच्या गिरण्या बसल्या तेव्हा त्यांचं काम भिवंडी, इचलकरंजी आणि मालेगावला सरकलं. गिरणीत आठ तासांची पाळी, भविष्यनिर्वाह निधी, ईएसआयचा कामगार विमा, कँटीन होतं. इथे बारा तासांची पाळी आणि मीटरवर मजुरी. म्हणजे जे काम माझ्या वडिलांच्या हातून गेलं ते या गल्ल्यांमध्ये आलं होतं, हक्क वाटेत गळून. मी त्या शेडच्या दारात उभी राहिले तेव्हा मला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. समोरचा माणूस घामाने भिजलेला, कानात कापसाचे बोळे, चार माग एकटा सांभाळत होता. धागा तुटला की माग थांबवून, वाकून, दोन बोटांनी गाठ मारून पुन्हा चालू. डोळे सतत चारही मागांवर.

घरात बायका सुताच्या कांड्या भरतात, त्याचे पैसे वेगळे आणि नगण्य. विणलेलं ग्रे कापड राजस्थानात पाली, बालोतऱ्याला जातं आणि तिथे रंगतं. साधे माग, जुनी बनावट. नवे शटललेस माग परवडत नाहीत आणि बँक दारात उभं करत नाही. सुताचा भाव सकाळी एक, संध्याकाळी एक. नोटाबंदीत रोखीचा हा धंदा आठवडेच्या आठवडे थांबला, पुढच्या वर्षी जीएसटी.

एका भंगारवाल्याकडे सात-आठ माग सुटे करून रचलेले होते. ओतीव लोखंडाचं बीड वेगळं, साधं लोखंड वेगळं, आडवा धागा नेणारे लाकडी धोटे पोत्यात. काट्यावर किलोने. ज्यांचे होते ते चाचा तिथेच स्टुलावर बसलेले, वजन नीट होतंय ना बघायला. वडिलांनी मुंबईतून जुने म्हणूनच घेतलेले माग, म्हणाले. शेड आता प्लास्टिकच्या पाइपवाल्याला भाड्याने देणार. मी काय करते विचारलं, परळची म्हटल्यावर त्यांनी गिरणीचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांना ती माहीत होती, बापाबरोबर लहानपणी माल बघायला गेले होते. उठून त्यांनी पोत्यातला एक धोटा काढून मला दिला, आणि मी नको म्हटलं. काट्यावर तो त्यांचा पैसा होता.

गिरणीतून यंत्रमागावर, सातपूरहून रुद्रपूरला, कायम कामगाराकडून ट्रेनीकडे. आठवडाभर मी एकच गोष्ट वेगवेगळ्या गावांत बघत होते. काम नाहीसं झालेलं नाही. ते जिथे माणसाला कमीत कमी द्यावं लागतं तिकडे सरकत राहिलंय, आणि सरकताना मागच्या गावाला त्याने हिशेब दिला नाही.

रविवार

सकाळी सिडकोत एका मंगल कार्यालयाच्या आवारात ईपीएस-९५, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतल्या पेन्शनवाल्यांची बैठक होती, काका घेऊन गेले. खुर्च्या कमी पडल्या. पांढरी डोकी, हातात कापडी पिशव्या, पिशव्यांत सेवापुस्तकं, जुन्या पगारपावत्या, लॅमिनेट केलेली कंपनीची कार्डं. यातल्या कितीतरी कंपन्या आता अस्तित्वात नाहीत, त्यामुळे नोंदीतली तारीख चुकली तर दुरुस्त करून द्यायला कोणी नाही. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे. मागणी ७,५०० आणि वर महागाई भत्ता. हजार रुपयांत रक्तदाबाच्या गोळ्या येतात, गुडघ्याच्या येत नाहीत, असं एक आजोबा माईकवर म्हणाले आणि कुणी हसलं नाही.

ज्यांचं आधारवरचं नाव आणि भविष्यनिर्वाह निधीतलं नाव जुळत नाही त्यांचे अर्ज लिहून द्यायला तीन टेबलं लावली होती. एका टेबलावर माणूस कमी होता, मी बसले. पहिल्या आजींचे यजमान सातपूरला मोल्डिंगला होते, कार्डावर वडिलांचं नाव आडनावाच्या जागी गेलं होतं. दुसऱ्यांची जन्मतारीख चुकलेली. तिसऱ्यांकडे फक्त १९८८ चं ओळखपत्र होतं. दुपारची परतीची गाडी सोडली, संध्याकाळची धरायचं ठरवलं. रांग मंडपाच्या बाहेरपर्यंत होती. सोमवारी हे सगळे अर्ज घेऊन मंडळी भविष्यनिर्वाह निधीच्या कार्यालयात जाणार आहेत, आणि काका त्यांच्याबरोबर.